पेण-रोह्यातला अर्धवेळ कार्यकर्ता : एक छोटा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला आपल्या वर्गातल्या काही जणांनी चालवलेल्या सुट्टीच्या दिवसांतल्या कामाबद्दल लिहायला सांगितले. शनिवार-रविवार पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाड्यांवर जायचे. कुठे दहावीच्या मुलांना गणित-इंग्रजी शिकवायचे, कुठे अभ्यासिका उघडायची, कुठे दाखल्यांचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे, तर कुठे पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांची वेळ घड्याळात मोजायची. मीही त्यातलाच एक. पण या कामाचा अहवाल लिहायला बसले की तो चार ओळींत संपतो. म्हणून अहवालाऐवजी इतिहास लिहितो आहे. नोकरीधंदा किंवा शेती सांभाळून उरलेला वेळ गावच्या पोरांना देणारी माणसे आपल्या या दोन तालुक्यांत आज प्रथमच निपजलेली नाहीत. तो धागा बराच मागे जातो, आणि त्याची दोन-तीन टोके थेट देशाच्या कारभारापर्यंत पोचलेली आहेत.

इतिहास लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. यंदाच्या स्नेहमेळाव्यात आपल्यापुढे एक प्रश्न चर्चेला येणार आहे. वर्गाच्या निधीतून वाडीवर एक खोली बांधून द्यावी, की ती रक्कम गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला दरमहा मानधन म्हणून देऊन काम रोजच्या रोज चालू ठेवावे? दोन्ही बाजूंना चांगली माणसे आहेत. मत देण्याआधी पूर्वी काय काय करून झाले आहे, हे आपण पाहावे असे मला वाटते.

जोळ

पेणच्या पश्चिमेचा खारेपाट आपल्याला अनोळखी नाही. धरमतरच्या खाडीचे पाणी अडवून, मातीचे बांध घालून ही शेती समुद्राकडून मिळवलेली आहे. बांध शाबूत तर भात, बांध फुटला तर पुढची काही वर्षे नुसते मीठ. एका बांधाच्या आत ज्यांची ज्यांची शेते, त्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून ‘जोळ’ असे. बांधावर चिखल चढवणे, उघाडी सांभाळणे, खेकड्यांनी पोखरलेली बिळे बुजवणे ही कामे जोळ करी. ज्याची जमीन जास्त त्याच्याकडे काम जास्त, ज्याची कमी त्याच्याकडे कमी. आणि उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की हा हिशेबही बाजूला राही. रात्र असो, पाऊस असो, घरटी माणूस बांधावर हजर.

जोळीत कोणी पूर्णवेळ कार्यकर्ता नव्हता, सगळे अर्धवेळच. तरी बांध टिकत, कारण दोन गोष्टी पक्क्या होत्या. कोणाची पाळी कधी, हे सगळ्या गावाला ठाऊक असे. आणि कामाची वेळ माणसाच्या सवडीने ठरत नसे, भरतीच्या वेळापत्रकाने ठरे. १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला. बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी यंत्रणेकडे जाऊ लागली, तशी जोळ विरत गेली. कायद्यामागचा हेतू वाईट नव्हता. पण खांड पडली की आता अर्ज करून वाट पाहावी लागते, हे खारेपाटातला कोणीही शेतकरी सांगेल. ज्या कामाची पाळी होती, त्याचे निवेदन झाले.

दुसरी परंपरा डोंगराकडच्या गावांची. रोहा, माणगाव, महाड या भागांतली माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. गेली तरी गावकी सुटली नाही. चाळीतल्या एका खोलीत गावाचे ‘मुंबईकर मंडळ’ भरायचे, वर्गणी जमायची, आणि शिमग्याला किंवा गणपतीला येताना चाकरमानी गावच्या कामाचा पैसा घेऊन यायचे. देवळाच्या पत्र्यांबरोबर शाळेची खोली, व्यायामशाळेचे सामान, कबड्डीच्या संघाचा गणवेश असल्या गोष्टी त्या वर्गणीतून उभ्या राहिल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत, तेव्हा त्या वर्गणीचा मोठा झरा आटला. या मंडळांची ताकद पैशाची होती आणि मर्यादा हजेरीची. गावातल्या पोरांना मुंबईकर भेटायचे ते वर्षातून दोन वेळा.

गागोद्याचा मुलगा

पेण तालुक्यातल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. वडील बडोद्याला नोकरीत होते. मुलगा साधारण दहा वर्षांचा होईपर्यंत आजोबा आणि आई यांच्याजवळ गागोद्यातच वाढला. त्या घरातली एक गोष्ट विनोबा पुढे सांगत असत. झाडाचा फणस उतरला की आई आधी मुलांच्या हाती शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वाटे पाठवी. घरच्यांनी खायचे ते त्यानंतर. देणे म्हणजे उरलेले देणे नव्हे, हा धडा त्या मुलाला गागोद्यातच मिळाला.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली. विनोबांनी जमीनवाल्यांकडे सहावा हिस्सा मागितला. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे त्यांचे सांगणे असे. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे त्यांनी संपत्तीतला हिस्सा मागितला, ज्याच्याकडे तीही नाही त्याच्याकडे श्रम आणि बुद्धी. घरोघरी ‘सर्वोदय पात्र’ ठेवावे आणि त्यात रोज घरातल्या मुलाच्या हाताने मूठभर धान्य पडावे, ही कल्पनाही त्यांचीच. मूठ मुलाची का, तर मोठ्यांनी एकदाच पोते दिले असते, पण मुलाला सवय लागली नसती.

भूदानात मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळ कागदावरच राहिली, आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. पण आपल्या विषयापुरते महत्त्वाचे वेगळे आहे. विनोबांनी स्वतःचे आयुष्य पुरते दिले, तरी इतरांकडे मागितला तो अंश. सगळे सोडून या, असे त्यांनी प्रत्येकाला म्हटले नाही. तुमच्याकडे जे आहे त्याचा ठरलेला भाग द्या, एवढीच मागणी. सामान्य माणसाला पेलेल अशी ही भाषा होती.

चिंतामणरावांची समिती

विनोबांच्या जन्मानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, रायगडाच्या पायथ्याकडच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. त्यांचे बालपण रोह्यात गेले. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, पुढे आयसीएस परीक्षेत पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर, देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. हे सगळे आपल्या गुरुजनांनी आपल्याला शाळेत सांगितलेले आहे. त्यानंतरचा एक धडा मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

शिकलेल्या मुलांनी खेड्यासाठी काही वेळ द्यावा, हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाला होता. राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक सेवेची शिफारस केली होती. १९५८ साली पंतप्रधान नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, पदवीआधी समाजसेवा आवश्यक करता येईल का, अशी विचारणा केली. मग ऑगस्ट १९५९ मध्ये केंद्र सरकारने एक राष्ट्रीय सेवा समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. त्या वेळी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.

समितीची शिफारस धाडसी होती. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. म्हणजे शहरातला मुलगा असो की गावातला, पुस्तके ठेवून आधी एक वर्ष देशाच्या कामाला. ही शिफारस अमलात आली नाही. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी, अशी कारणे सांगितली गेली. एवढ्या मुलांना वर्षभर कुठे ठेवायचे, काय खायला घालायचे, कोण शिकवणार, कोण लक्ष ठेवणार? देशाचा अर्थसंकल्प मांडलेल्या माणसाला या खर्चाची कल्पना नसेल असे कसे म्हणावे? तरी त्यांनी ती शिफारस केली.

मग के. जी. सैयदैन यांना इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास करायला सांगितले गेले, आणि त्यांचा कल सक्तीऐवजी ऐच्छिक सेवेकडे झुकला. कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर समाजसेवा जोडावी असे म्हटले. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ४०,००० विद्यार्थी. आपण ज्याला एनएसएस म्हणतो ती हीच.

तेव्हा एक वर्ष पूर्णवेळ आणि सक्तीचे मागितले होते. मिळाले ते वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचे एक निवासी शिबिर, आणि तेही स्वेच्छेने. १२० तास म्हणजे आठवड्याला सव्वादोन-अडीच तास. देशमुख समितीच्या पूर्ण वर्षाचा हा अर्धवेळ नातू म्हणायला हरकत नाही. रोह्यातल्या महाविद्यालयाला आज चिंतामणरावांचे नाव आहे. तिथून आणि आपल्या जिल्ह्यातल्या इतर महाविद्यालयांतून सेवा योजनेत गेलेली मुलेमुली आपल्यातही आहेत. कोणी बंधारा घातला, कोणी वाडीत शोषखड्डा खणला, कोणी पहिल्यांदा घराबाहेर सात दिवस राहिले. त्या १२० तासांनी गाव किती बदलले यावर वाद घालता येईल. गावात जाऊन आलेल्या मुलांपैकी काही बदलली, हे मात्र आपण आपल्याच वर्गात पाहिले आहे.

रोह्याची एकादशी

तिसरे नाव पुन्हा रोह्याचे. १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात पांडुरंग वैजनाथ आठवले यांचा जन्म झाला. आजोबांच्या देखरेखीखाली, जुन्या तपोवन पद्धतीने त्यांचे शिक्षण झाले. वडिलांनी १९२६ साली मुंबईत माधवबागेत गीता पाठशाळा सुरू केली होती, तिचे काम पुढे पांडुरंगशास्त्रींनी हाती घेतले. स्वाध्याय परिवार ज्यांना ‘दादा’ म्हणतो, ते हे.

त्यांनी वेळेच्या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. एकादशी म्हणजे उपास ही आपली समजूत. त्यांनी एकादशीचा अर्थ असा लावला की पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये आणि मन ही अकराही त्या दिवशी देवाच्या कामाला लावायची. महिन्याला दोन एकादश्या, म्हणजे वर्षाला चोवीस दिवस. स्वाध्यायी त्या दिवशी पदरचे भाडे घालून, आपली शिदोरी बरोबर घेऊन दुसऱ्या गावी जायचे, घरोघरी बसून बोलायचे, कोणाकडून काही घ्यायचे नाही. हीच भक्तिफेरी. योगेश्वर कृषीत गावातली माणसे एका सामायिक शेतावर पाळीपाळीने काही दिवस राबत. तिथे ती मजूर नसत, पुजारी असत. कोळ्यांसाठी ‘मत्स्यगंधा’ नावाच्या नावा झाल्या, त्यांवरही पाळ्या. तरुणांसाठी युवा केंद्रे निघाली.

भाविक असो वा नसो, अर्धवेळ कामाच्या दृष्टीने ही रचना अभ्यासण्यासारखी आहे. दिवस आधीच ठरलेला, पंचांगात छापलेला. ‘या महिन्यात जमेल का बघू’ हा प्रश्नच नाही. एकटे जायचे नाही, गटाने जायचे. आणि गेलेला माणूस उपकार करायला आलेला नाही, हे त्याच्या शिदोरीवरूनच समोरच्याला कळायचे.

आणखी एक योगायोग नोंदवतो. विनोबांना १९५८ साली, चिंतामणरावांना १९५९ साली आणि पांडुरंगशास्त्रींना १९९६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पेण आणि रोहा या दोन शेजारच्या तालुक्यांशी नाते असलेली ही तीन माणसे. एकाने आपल्या वाट्याचा सहावा हिस्सा मागितला, दुसऱ्याने आयुष्यातले एक वर्ष, तिसऱ्याने महिन्यातले दोन दिवस. सामान्य संसारी माणसाकडून किती मागावे, या एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे आहेत.

मानधन

या तीन उत्तरांच्या आड एक चौथी गोष्ट घडत होती. तिचा गौरव क्वचितच होतो. गावातलेच कोणीतरी रोज काम करत होते.

१९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती इतर जिल्ह्यांत पसरली. दिवसा शाळा घेणारे प्राथमिक शिक्षक रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांना अक्षरे शिकवत. आपल्या गुरुजनांच्या आधीच्या पिढीने हे केले आहे. १९७२ साली नेहरू युवा केंद्रे सुरू झाली आणि गावोगावच्या युवक मंडळांना सरकारदरबारी एक पत्ता मिळाला. पुढे राष्ट्रीय युवा स्वयंसेवक नेमले जाऊ लागले. तालुक्याला साधारण दोन, मुदत दोन वर्षांची, मानधन अलीकडच्या काळात महिना पाच हजार. पेण तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दोन लाखांच्या जवळ आणि रोह्याची दीड लाखाच्या वर होती, म्हणजे दोन मुलांच्या अंगावर किती गावे पडली याचा हिशेब करा. कामाची ओळख होते न होते तोच मुदत संपते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी आली. अंगणवाडी सेविका कागदोपत्री ‘मानसेवी’, म्हणजे जणू फावल्या वेळात सेवा करणारी. प्रत्यक्षात बालवाडी, पोषण आहार, वजने, नोंदवह्या, आणि नंतर किशोरवयीन मुलींच्या योजनाही तिच्याकडेच आल्या. गावातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची शाळा सुटली तर पहिल्यांदा कळते ते तिलाच. या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते एप्रिल २०२२ मध्ये, योजना सुरू झाल्यावर सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळाने. २००० सालच्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या. तिथेही गावातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी जेमतेम मानधनावर ‘स्वयंसेवक’ होती. बरीच वर्षे झगडल्यावर त्यांना शिक्षकाचा दर्जा मिळाला.

तेव्हा अर्धवेळ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, हे लक्षात ठेवले पाहिजे. आपण शहरातून किंवा तालुक्याच्या गावातून रविवारी जातो, ते आपल्या मर्जीने अर्धवेळ. गावातली सेविका किंवा स्वयंसेवक अर्धवेळ असतो तो नोंदवहीत. काम पूर्ण, पगार अर्धा, असा त्याचा खरा अर्थ. पहिल्याचे कौतुक स्मरणिकेत येते. दुसरा नसेल तर पहिल्याचा रविवार कुलूप लावलेल्या दारासमोर जातो.

वाडीचे वेळापत्रक

आता आजच्या कामाकडे येऊ. पेण-रोह्याच्या डोंगराकडेला कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानले आहे, त्यांत कातकरी आहेत. भातकापणी झाली, दिवाळी सरली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात. मुले बरोबर जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. दहावीचे अर्ज, सराव परीक्षा आणि बोर्डाची परीक्षा हे सगळे नेमके याच काळात येते. आणि आपल्या शिबिरांचा, सहलींचा, मेळाव्यांचा हंगामही हाच. थंडी असते, रस्ते कोरडे असतात, नाताळची सुट्टी असते. आपल्याला जाणे सोयीचे असते तेव्हा वाडी निम्मी रिकामी असते. मुले घरी असतात ती पावसाळ्यात, जेव्हा ओढ्याला पाणी असते, एसटी वेळेवर नसते आणि आपल्यालाही रविवारी घरी बसावेसे वाटते.

वसई-भिवंडीच्या बाजूला विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवल्या, मुले जिथे गेली तिथे शाळा नेली. जोळीचे तत्त्व हेच होते. वेळ भरती ठरवते, आपण नाही. वाडीवरच्या कामाची भरती जून ते ऑक्टोबर असते. शेवटच्या वर्षातल्या ज्या दोन-चार मुलांना मागे ठेवायला आईबाप तयार होतात, त्यांच्यासाठी मात्र नोव्हेंबर ते मार्च कोणीतरी रोज लागते. रविवारचा पाहुणा तिथे पुरत नाही.

दाखल्यांचेच पाहा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजोबा कधी शाळेतच गेला नाही, त्याने आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? मग जुन्या नोंदी शोधायच्या, एखाद्या चुलत आजोबाचे नाव कुठल्या रजिस्टरात आहे का पाहायचे, तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारायच्या. कार्यालय रविवारी बंद असते. आपण अर्ज नीट भरून देऊ शकतो, कुठे अडले ते फोनवर विचारू शकतो. पण सोमवारी सकाळी त्या मुलाबरोबर खिडकीपाशी उभे राहायला गावातलेच माणूस हवे.

जिल्ह्यात पूर्णवेळ काम करणाऱ्यांची परंपराही आहे. उल्का महाजन आणि सर्वहारा जन आंदोलनासारख्यांनी आयुष्येच इथे घातली. आपण त्या वाटेचे नाही, तसा आव आणण्याचेही कारण नाही. संसार, नोकरी, आजारी आईवडील, कर्जाचे हप्ते, हे सगळे सांभाळून जो वेळ उरतो तोच आपल्या हाती आहे. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली, तिचा आरंभ रोह्याजवळच होतो. धाटावची वसाहत, नागोठण्याचा प्रकल्प, डोलवीचा कारखाना यांमुळे नोकऱ्या जवळ आल्या, आणि पनवेल-मुंबई रोजची झाली. आपल्यापैकी पुष्कळ जण त्याच रेल्वेने आणि त्याच नोकऱ्यांनी वर आले. वाडीवरचा मुलगा याच कारखान्यांचा धूर बघत वाढतो, पण आयटीआयच्या प्रवेशाची तारीख त्याला कोणी सांगत नाही. तारीख सांगणे हे काही मोठे समाजकार्य नव्हे. पण ती वेळेवर सांगणारा माणूस लागतो.

मग मत कशाला?

इतिहासातून एक निर्णय सरळ निघतो असे मी म्हणणार नाही, पण तो एका बाजूला झुकतो. खोली बांधली तर ती दिसेल, तिच्यावर आपल्या वर्गाची पाटी लागेल, आणि पुढच्या स्नेहमेळाव्यात फोटोही दाखवता येईल. मुंबईकर मंडळांनी अशा खोल्या बांधल्या आणि त्यांतल्या काहींत आपण शिकलो, हे विसरता येणार नाही. पण आज आपण ज्या वाड्यांवर जातो तिथे समाजमंदिर आहे, अंगणवाडीची खोली आहे, कुठे शाळेचा रिकामा वर्गही आहे. नाही ते माणूस. किल्ली कोणाकडे, सायंकाळी दिवा कोण लावणार, आठ दिवस न आलेल्या मुलीच्या घरी कोण जाणार, या प्रश्नांना खोलीकडे उत्तर नाही.

म्हणून माझे मत मानधनाच्या बाजूने आहे, आणि त्याला तीन अटी जोडाव्यात. पहिली, मानधन निदान पाच वर्षांचे असावे आणि त्याचे पैसे आधीच बाजूला काढलेले असावेत. दोन वर्षांत मुदत संपणाऱ्या स्वयंसेवकाचे काय होते, ते आपण पाहिले. त्या मुलीला किंवा मुलाला ‘सेवा’ म्हणून कमी पैशांत राबवायचे नाही. जितके तास तितके दाम. दुसरी, आपल्यापैकी प्रत्येकाने आपली पाळी लिहून द्यावी. सहावा हिस्सा नको, वर्षही नको, महिन्याचे दोन दिवसही जड वाटत असतील तर एकच दिवस द्यावा, पण तो वर्षाच्या सुरुवातीला ठरलेला असावा आणि त्यातले निम्मे दिवस पावसाळ्यातले असावेत. ज्याला येणे शक्य नाही, त्याने फोनवरून एका मुलाचे गणित घ्यावे किंवा अर्जांचा पाठपुरावा करावा. परगावी आणि परदेशी असलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींना हे सहज जमेल. तिसरी, काम काय करायचे ते वाडीने आणि त्या मुलांनी ठरवावे. त्यांना आधी कबड्डीचे मैदान हवे असेल, तर आधी मैदान. कबड्डीला जमलेली पोरेच पुढे अभ्यासिकेत बसतात, हे रायगड जिल्ह्यात वेगळे सांगायला नको.

आपल्या सर आणि बाईंना एक विनंती आहे. आपण निवृत्त झालात, तरी कोणत्या मुलाला कुठे अडते हे ओळखण्याची आपली नजर आमच्यात नाही. आमच्या पाळ्यांच्या यादीत आपलेही नाव असावे. प्रवासाची तसदी नको. त्या गावातल्या मुलीला आठवड्यातून एकदा फोन करून ‘या आठवड्यात कोण आले नाही?’ एवढे विचारले तरी पुरे.

स्नेहमेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर एक कोरी वही ठेवलेली असेल. त्यात वर्षाचे बावन्न रविवार छापलेले आहेत. जून, जुलै आणि ऑगस्टची पाने आधी भरावीत.